वाळवंटातलं फौजी क्वार्टर: जैसलमेरच्या गल्लीतून साइटिंग बोर्डापर्यंत

जैसलमेरचा किल्ला रिकामा नाही, तिथे आजही लोक राहतात. मे महिन्यात दुपारी तीनला किल्ल्याच्या किंवा त्याखालच्या जुन्या शहराच्या गल्लीतून चालून बघा. ऊन डोक्यावर असतं, पण पायाखाली सावली असते. नंतर शहराबाहेरच्या कुठल्याही नव्या वसाहतीत जा. रुंद रस्ता, सुटे चौकोनी ब्लॉक, वर उघडा स्लॅब. आकाश तेच, तरी पाच मिनिटांत माणूस कासावीस होतो. या पट्ट्यातलं ऊन किती कडक असतं हे आकड्यात हवं असेल, तर जोधपूर-जैसलमेर रेल्वेमार्गावरच्या फलोदीत 19 मे 2016 रोजी पारा 51 अंशांवर गेला होता.

अशा ठिकाणी जवानांच्या कुटुंबांसाठी घरं बांधायची तर जुन्या हवेलीची नक्कल करावी, असं पटकन वाटतं. दगडी जाळ्या, झरोके, मधे चौक. माझा त्याला अर्धाच होकार आहे. जुनं घर गार राहतं ते निम्मं बांधणीमुळे आणि निम्मं राहणाऱ्यांच्या सवयीमुळे. खिडकी सकाळी किती वाजता मिटायची, कोणत्या महिन्यात खाट कुठे टाकायची, हे तिथल्या बाईला सासूकडून कळलेलं असतं. फौजी क्वार्टरमध्ये कोण येतं? साताऱ्याचं कुटुंब, कोल्लमचं, दार्जिलिंगचं. दोन-तीन वर्षं राहतं आणि बदलीवर जातं. साताऱ्याची बाई भर दुपारी वारा यावा म्हणून खिडक्या सताड उघडते, कारण माहेरी तेच बरोबर होतं. तेव्हा क्वार्टर असं बांधायचं, की त्या जागेशी अनोळखी असलेल्या माणसालाही त्यात गारवा मिळावा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका अटीवर बेतल्या आहेत.

पायरी 1 : आधी मोजा, मग पेन्सिल उचला

हवामान खात्याकडून त्या स्टेशनची बारा महिन्यांची कमाल-किमान तापमानं, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा घ्या. नुसतं कमाल तापमान पाहून काही कळत नाही. जैसलमेरला मे महिन्यात दिवस आणि रात्र यांत साधारण 15 अंशांचा फरक असतो, आणि गारव्याचं सगळं भांडवल या फरकात आहे. जानेवारीत किमान तापमान 8 अंशांच्या आसपास उतरतं. म्हणजे हिवाळ्यात ऊन घरात हवंही आहे. पाऊस वर्षाला ढोबळमानाने 200 मिलिमीटर, तोही बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दोन महिन्यांत हवा दमट होते आणि उरलेल्या वर्षाचे नियम बदलतात.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, कोविडच्या काळात कपाळावर रोखायचे तशा धाटणीचा, पण भिंतीचं तापमान मोजणारा. दुपारी तीनला आणि रात्री दहाला जुन्या गल्लीतल्या भिंती, छतं, फरसबंदी मोजा. तेच सध्याच्या क्वार्टरमध्ये करा. हे दोन तक्ते शेजारी ठेवले की पुढच्या बैठकीत वाद घालावा लागत नाही.

आणि सध्याच्या क्वार्टरमधल्या बायकांशी बोला. पुरुष दिवसभर युनिटमध्ये असतात. कोणती खोली कोणत्या वेळी सोडून द्यावी लागते, हे बायकांनाच ठाऊक असतं.

पायरी 2 : साइटिंग बोर्डाच्या दिवशीच लढाई जिंकायची

एमईएसच्या (लष्कराची बांधकामं करणाऱ्या खात्याच्या) कामात एकदा साइटिंग बोर्डाने, म्हणजे जागा ठरवणाऱ्या समितीने, जागा, ब्लॉकची दिशा आणि अंतरं कागदावर उतरवली की पुढे वास्तुविशारदाने डोकं आपटलं तरी फारसं काही हलत नाही. म्हणून स्थानिक वास्तूची कोणतीही गोष्ट हवी असेल तर ती त्या कार्यवाहीतच नोंदवून घ्या.

पहिली नोंद दिशेची. ब्लॉकची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मोठे दर्शनी भाग उत्तर आणि दक्षिणेला येतात. जैसलमेरच्या अक्षांशावर 21 जूनला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 86 अंशांवर असतो, 21 डिसेंबरला 40 च्या आसपास. दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात साध्या छज्ज्याने झाकता येते आणि हिवाळ्यात तिला आपोआप ऊन मिळतं. खरी शत्रू पश्चिमेची भिंत. तिला तोंड जितकं कमी तितकं बरं.

दुसरी नोंद अंतराची. सुटे ब्लॉक आणि मधे ऐसपैस मोकळी जागा ही आपल्या छावण्यांची जुनी सवय. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्यावर ब्रिटिश आयोगाचा अहवाल 1863 मध्ये आला. त्यानंतर बराकी हवेशीर आणि एकमेकींपासून दूर ठेवण्यावर भर राहिला. रोगराईने सैनिक पटापट मरत होते, तेव्हा त्यात अर्थ होता. शिवाय त्या काळच्या बंगल्याला उंच छत असे आणि भोवती खोल व्हरांडा. नागपूरजवळच्या कामठीत छावणी 1821 पासून आहे. तिथला जुना बंगला असा असायचा, आणि दारांना वाळ्याच्या ओल्या ताट्या. आपण अंतर तेवढं ठेवलं आणि व्हरांडा काढून टाकला.

थरच्या वाळवंटात मोकळी जागा म्हणजे तापणारी वाळू. दोन ब्लॉकांची आखूड टोकं, म्हणजे पूर्व-पश्चिमेच्या भिंती, एकमेकांजवळ आणा. मधली उत्तर-दक्षिण गल्ली तीन-चार मीटरची ठेवली की दुपारी एकाची सावली दुसऱ्यावर पडते. मुलांना खेळायला आणि बायकांना बसायला तीच जागा होते. अग्निशमन बंबाचा रस्ता ब्लॉकच्या लांब बाजूने काढा आणि तो नकाशावर स्पष्ट दाखवा. गल्लीला पहिला आक्षेप त्यावरूनच येतो.

पायरी 3 : खोल्यांचा क्रम

पश्चिमेला जिना, न्हाणी, संडास, कोठीची खोली. ही ढाल. त्यांच्या आत बैठक, आणि झोपायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला. स्वयंपाकघर अशा टोकाला, की तिथली गरम हवा वाऱ्याबरोबर घराबाहेरच जाईल.

जुन्या हवेलीत माणसं दिवसभर हलत असतात. दुपारी खालच्या मजल्यावर, रात्री गच्चीवर. तीन मजली ब्लॉकमधल्या मधल्या घराला हे स्थलांतर करता येत नाही. त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. प्रत्येक घराला किमान 2.1 मीटर खोल अशी एक ओसरी द्यायची, शक्यतो पूर्वेकडे, म्हणजे ती दुपारनंतर सावलीत निवत जाते. एवढ्यात दोन खाटा मावतात. कठड्याला उभी सलग भिंत नको. दगडी जाळी द्या, म्हणजे पडद्याची सोय होते आणि खाटेच्या उंचीवर वारा लागतो. 1.2 मीटरची नेहमीची बाल्कनी कपडे वाळत घालण्यापलीकडे कामाची नाही. क्षेत्रफळाच्या मापदंडात ओसरी कुठे बसवायची हा प्रश्न निघतोच. तो अंदाजपत्रकाआधी सोडवा.

पायरी 4 : छत

इथे थोडं थांबू या, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन आडव्या पृष्ठभागावर पडतं आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

दीडशे मिलिमीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) हिशेबाने 3 च्या आसपास येतो. इको निवास संहिता 2018 ने छतासाठी घातलेली मर्यादा 1.2 आहे. उत्तर भारतातली जुनी पद्धत म्हणजे मड फुस्का, स्लॅबवर 10 सेंटिमीटर भुसा मिसळलेली माती आणि वर फरशी. तिने हा आकडा 1.8 च्या जवळ येतो. बरा, पण नापास.

आता आपल्या मराठवाड्याचं माळवद घ्या. लाकडी तुळया, वर फळ्या किंवा किलच्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माती 40 सेंटिमीटर धरली तर यू-व्हॅल्यू 1 च्या आसपास येतो. पास! पण त्या मातीचं वजन दर चौरस मीटरला साडेसहाशे किलोच्या घरात जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत लोक याच वजनाखाली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली गाडले गेले. माळवद गार असतं हे खरंच आहे. पण मातीचा थर उचलून नव्या घरावर ठेवणं हा त्यातला धडा नाही.

त्याच कामासाठी स्लॅबच्या वरच्या बाजूने 40 मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस (उष्णता अडवणारा कडक फोम) थर घाला. यू-व्हॅल्यू 0.7 च्या आसपास उतरतो आणि थराचं वजन चौरस मीटरला दीड किलोच्या आत राहतं. खालून क्रमाने: स्लॅब, वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, त्यावर जिओटेक्स्टाइल (बांधकामातलं पाणी झिरपू देणारं कापड), उताराचा काँक्रीट थर आणि सर्वात वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. थर स्लॅबच्या खालून लावू नका. तसं केलं तर स्लॅब उन्हात फुगतो-आकसतो, तडे जातात आणि गळती सुरू होते.

पांढऱ्या रंगाऐवजी चिनीमातीचे तुकडे का? रंग दर एक-दोन वर्षांनी काढावा लागतो, शिवाय वाळवंटातली धूळ त्याला महिन्याभरात पिवळा करते. जुन्या घराचा मालक दर दिवाळीला चुना मारतो. क्वार्टरला मालक नसतो. गुळगुळीत चिनीमाती वादळानंतर बादलीभर पाण्याने, नाहीतर नुसत्या केरसुणीने साफ होते.

पायरी 5 : भिंती

जाड दगडी भिंत उष्णता अडवते, ही समजूत बाजूला ठेवा. 45 सेंटिमीटर चुनखडीच्या दगडी भिंतीचा यू-व्हॅल्यू 2.4 च्या आसपास, नऊ इंची विटेच्या भिंतीचा 2 च्या आसपास. म्हणजे अडवण्याच्या बाबतीत दगड विटेहून कमीच. दगड उष्णता लांबणीवर टाकतो. 45 सेंटिमीटर दगडातून उन्हाची लाट आत पोचायला सुमारे 11 तास लागतात. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेलं ऊन पहाटे तीनला खोलीत येतं, तेव्हा बाहेर गार असतं आणि हवेलीतली माणसं गच्चीवर झोपलेली असतात. नऊ इंची विटेचा उशीर साडेसात तासांचा. चारचं ऊन रात्री साडेअकराला आत, अगदी निजायच्या वेळी. क्वार्टरमधली झोपायची खोली रात्री भट्टी का होते, त्याचं उत्तर या एका बेरजेत आहे.

म्हणून दिवसा वापरायच्या आणि रात्री वापरायच्या खोल्यांना एकाच प्रकारची भिंत देऊ नका. बैठकीला जड भिंत चालते. झोपायच्या खोलीच्या बाहेरच्या भिंती 200 मिलिमीटर एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या, करा (यू-व्हॅल्यू 0.7 च्या आसपास) आणि बाहेरून स्थानिक पिवळ्या दगडाची पातळ लादी किंवा चुन्याचा गिलावा द्या. आतल्या, उन्हाला न दिसणाऱ्या भिंती मात्र विटेच्या किंवा दगडाच्या जडच ठेवा. त्या रात्रीचा गारवा साठवतात. पातळ लादी नुसत्या सिमेंटने चिकटवू नका. स्टेनलेस पिना आणि मधेमधे सांधे हवेत, नाहीतर चार-पाच उन्हाळ्यांत ती सुटायला लागते.

भूकंपाचं कलम कुठेही विसरू नका. कच्छमधले भुंगे, म्हणजे तिथली पारंपरिक गोल घरं, 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात चांगले टिकले, कारण गोल आकार आणि हलकं छत. भुजला काम असेल तर त्यातून घ्यायचं ते हेच: आटोपशीर, समतोल आकार आणि वर वजन कमी. दगडी किंवा विटेच्या भारवाही भिंतींना जोत्यापाशी, लिंटलला आणि छतापाशी सलग काँक्रीटचा पट्टा हवाच.

पायरी 6 : खिडकी, छज्जा, जाळी

उष्ण-कोरड्या प्रदेशासाठी संहितेची किमान अपेक्षा अशी, की उघडता येणारं क्षेत्र फरशीच्या 10 टक्के असावं. मुंबईसारख्या दमट हवामानाला तीच संहिता 16.66 टक्के मागते. म्हणजे मुंबईच्या वसाहतीचा नकाशा जैसलमेरला जसाच्या तसा उचलणं किती चूक आहे, ते या दोन आकड्यांतच दिसतं.

दक्षिणेच्या 1.2 मीटर उंच खिडकीला 60 सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. मार्चच्या 21 तारखेला माध्यान्ही त्याची सावली जवळजवळ तळापर्यंत पोचते, जूनमध्ये खिडकी पूर्ण सावलीत असते. डिसेंबरमध्ये सावली वरच्या अर्ध्या मीटरवरच थांबते आणि उरलेल्या 70 सेंटिमीटरमधून ऊन आत येतं. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान 30 सेंटिमीटर पुढे न्या. पश्चिमेला हाच छज्जा निरुपयोगी. सूर्य 30 अंशांवर उतरला की त्याची सावली फक्त 35 सेंटिमीटर पडते. तिकडे खिडकी टाळा, आणि टाळता येत नसेल तर बाहेरून उभी जाळी द्या.

जैसलमेरची कोरीव जाळी मशीनवर कापून मिळते, पण नाजूक नक्षीच्या मागे लागू नका. भोकाच्या रुंदीइतकी तरी दगडाची जाडी असली, की तिरपं ऊन बऱ्यापैकी अडतं. आणि जाळी एकटी पुरत नाही. तिकडची आँधी घरभर वाळू पसरवते. जाळीच्या आत डासांची जाळी आणि त्याच्या आत घट्ट मिटणारी लाकडी किंवा धातूची झडप, असे तीन पदर लागतात.

आता सवयीचा प्रश्न. खिडकी दिवसा मिटा, रात्री उघडा, हे अनोळखी कुटुंबाने लक्षात ठेवायचं कशाला? खिडकीचे दोन भाग करा. मधली मोठी काच उजेडासाठी, ती उघडली-मिटली तरी फार बिघडत नाही इतकी सावलीत. रात्रीच्या हवेसाठी वेगळी झडप, एक जमिनीपासून फूटभर वर आणि दुसरी समोरच्या भिंतीत छताजवळ. खालून गार हवा येते, वरून गरम निघून जाते. या झडपांना गज आणि जाळी पक्की असली की रात्रभर बिनघोर उघड्या राहतात. नवरा सीमेवर आणि घरात एकटी बाई असताना तळमजल्याची मोठी खिडकी रात्री उघडी ठेवा म्हणणं शहाणपणाचं नाही, हे आराखडा करताना आपल्या लक्षात राहत नाही.

पायरी 7 : कूलरला लाजू नका

मी नागपूरचा. आमच्याकडे मार्च संपला की माळ्यावरून कूलर उतरतो आणि खिडकी चार महिन्यांसाठी गायब होते. थर वाळवंटातल्या क्वार्टरमध्येही तेच होतं. खिडकीत कूलर, भिंतीवर क्षारांचे ओघळ, खालच्या घराच्या गादीवर पाणी. कूलर येणारच आहे, तर त्याला जागा द्या. सावलीच्या बाजूला काँक्रीटचा कट्टा, मागे नळ, खाली निचऱ्याची नळी, बंद करता येणारं वेगळं भोक आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर पडायला वाट. ती वाट नसेल तर कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

मे-जूनच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो थकतो, तेव्हा पंखा आणि आरपार वारा हाच आधार. म्हणून प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन वाटा हव्यात. पाण्याचा हिशेबही करा. मोठा डेझर्ट कूलर भर दुपारी तासाला 20 लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. शंभर घरांची वसाहत असेल तर हा आकडा पाणीपुरवठ्याच्या तक्त्यात वेगळा दाखवा.

पायरी 8 : पाणी आणि झाडं

पश्चिम राजस्थानात घराशेजारी जमिनीत टांका असतो, पावसाचं पाणी साठवायची झाकलेली टाकी. 100 चौरस मीटर छत, 200 मिलिमीटर पाऊस, 20 टक्के वाया धरला तरी 16,000 लिटर होतात. ते वर्षभर पुरणार नाही. पण वापरलेलं पाणी गाळून झाडांना दिलं आणि टांक्याचं कूलरला, तर टँकरवरचा भार हलका होतो. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे कूलरच्या गवताच्या ताट्याही जास्त टिकतात. पहिल्या सरीचं धुळकट पाणी बाहेर सोडायची वाट ठेवायला विसरू नका.

झाडं पश्चिमेला. खेजडी, कडुनिंब, रोहिडा. लॉन नको, त्यावर मी फार शब्द खर्च करत नाही.

पायरी 9 : दरसूची

एमईएसच्या दरसूचीत नसलेल्या बाबीला स्टार रेट, म्हणजे वेगळा दर, काढावा लागतो, आणि स्टार रेट दिसला की फाइल अडते. म्हणून वेगळेपणा कमी बाबींत गोळा करा. दिशा, गल्ली, खोल्यांचा क्रम, छज्ज्याचं माप, झडपांची जागा, यांना जादा पैसे जवळपास लागतच नाहीत. खर्च छताचा थर, एएसी ब्लॉक आणि ओसरी यांवर करा. जाळी फक्त ओसरीला आणि पश्चिमेला. कमान, छत्री, घुमट असं काही कुणी सुचवलं, तर त्याची किंमत छताच्या एक्सपीएसशेजारी लिहून दाखवा. चर्चा लवकर संपते.

सगळा ब्लॉक बांधण्याआधी चार घरांचा एक नमुना पूर्ण करा आणि त्यात कुटुंबं राहू द्या. दोन घरांत तापमान नोंदवणारे छोटे लॉगर एक मे ते पंधरा ऑगस्ट लावून ठेवा, एक झोपायच्या खोलीत आणि एक बाहेर सावलीत. झोपायच्या खोलीचा रात्री अकराचा आकडा बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त येत असेल तर आधी झडपा तपासा, मग पश्चिमेची भिंत.

पायरी 10 : मार्चिंग-इनचा कागद

क्वार्टर ताब्यात देताना मार्चिंग-इनच्या यादीवर सह्या होतात: पंखे इतके, नळ इतके, बल्ब इतके. त्याच यादीला एक पान जोडा आणि तेच आतल्या दाराच्या मागे पत्र्यावर छापून लावा. हिंदीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह. मजकूर एवढाच:

एप्रिल ते जून: सकाळी आठनंतर मोठ्या खिडक्या बंद, सूर्य मावळल्यावर दोन्ही झडपा उघडा. कूलर चालू असताना समोरची वरची झडप उघडी ठेवा.
जुलै-ऑगस्ट: कूलर बंद, सगळं उघडं, पंखा चालू.
डिसेंबर-जानेवारी: दक्षिणेचा पडदा सकाळी सरकवा, झडपा रात्री बंद.
वाळूचं वादळ दिसलं की आधी झडपा, मग खिडक्या. कपडे नंतर.